पावणेचार ताऱ्यांचा परीक्षक

आमच्या कार्यालयात त्याला सगळे पावणेचार म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण त्याला ठाऊक आहे, आणि माझी खात्री आहे की मनातून त्याला ते आवडतं.

नाव पडलं ते असं. जपानमध्ये उन्हाळ्यात व्यावसायिक कुस्तीची एक महिनाभर चालणारी स्पर्धा असते. वीस मल्ल, दहा-दहाचे दोन गट. गटातल्या प्रत्येकाने उरलेल्या नऊ जणांशी लढायचं, जिंकलं तर दोन गुण, बरोबरी झाली तर एक, आणि दोन्ही गटांतले अव्वल मल्ल शेवटच्या दिवशी समोरासमोर. एकूण एक्क्याण्णव कुस्त्या. आमचा हा गृहस्थ त्या सगळ्या बघतो आणि इंटरनेटवर स्वतःचं एक पान काढून ठेवलंय त्यावर प्रत्येक कुस्तीचं परीक्षण लिहितो. शेवटी पाचपैकी तारे देतो. तेही नुसते एक, दोन, तीन असे नाहीत. सव्वादोन, अडीच, पावणेतीन, जणू सोनाराच्या तराजूत तोलून काढलेत. अकरा वर्षांत त्याने एकाही कुस्तीला चार तारे दिलेले नाहीत. दोन माणसांनी पस्तीस मिनिटं एकमेकांची हाडं खिळखिळी केली, प्रेक्षागृह उभं राहून रडलं, तरी याचे पावणेचार.

"चार देऊन टाकले की मग आपल्या हातात काय उरलं?" असं तो म्हणतो.

स्वतः तो आयुष्यात कुणाशी झटलेला नाही. आमचा विभाग दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना मधल्या वळणावर तो रोज थांबतो आणि भिंतीवरची आगीसंबंधीची सूचना वाचतो. त्या सूचनेत पाच ओळी आहेत.

माझं टेबल त्याच्या टेबलाला चिकटून. आमच्याकडे पाण्याच्या तक्रारी येतात. नळाला पाणी येत नाही, आलं तर गढूळ येतं, मीटर उलटं फिरतं. तो अर्ज वाचतो, चष्मा कपाळावर सरकवतो आणि समासात लिहितो, 'तथ्य दिसत नाही.' नळ तिकडे, गढूळ पाणी तिकडे, ते पिणारा माणूस तिकडे, आणि हा इकडे पंख्याखाली बसून तथ्य शोधणार. तीच नजर दुपारनंतर जपानकडे वळायची. 'अकराव्या मिनिटाला गुडघ्यावर आघात होऊनही वेदनेची मांडणी ढिली. सव्वादोन.' हे असलं वाचायला त्याला एक्केचाळीस वाचक होते. त्यातला एक मी, कारण टेबल चिकटून.

त्याच्यासमोर एकच वाक्य बोलायची चोरी होती. ते म्हणजे, "पण ते सगळं खोटंच असतं ना?"

"निकाल ठरलेला असतो," तो दात आवळून सांगायचा. "मार ठरलेला नसतो."

हे मात्र त्याचं बरोबर होतं. फक्त त्याला स्वतःला मार ओळखता येत नव्हता, ही गोष्ट निराळी.

गेल्या वर्षी स्पर्धा सुरू व्हायच्या दहा दिवस आधी त्याची सासू स्टुलावरून पडली. बाई एकटी राहायची, गावाच्या दुसऱ्या टोकाला. पडदा धुवायला काढत होती, स्टूल सरकलं आणि मांडीचं हाड खुब्यात मोडलं. ऑपरेशन झालं. त्या दिवशी आमचा पावणेचार कार्यालयात हजर होता. मी म्हटलं, "अरे, तू इथे काय करतोयस?"

"बायको आहे ना तिथे," तो म्हणाला. "आणि माझ्या रजा मोजक्या आहेत."

त्या मोजक्या रजा कशासाठी राखून ठेवल्यात ते मला माहीत होतं. जपानात संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे भर दुपार. वर्षभर तो तापात कुडकुडत कामाला येतो आणि साठवलेल्या अर्ध्या-अर्ध्या रजा त्या महिन्यात उधळतो.

सासूबाईंना इस्पितळातून सोडलं तेव्हा त्यांना लेकीकडेच आणावं लागलं. घरात न्हाणीघर बाहेरच्या खोलीला लागून, म्हणून खाट बाहेरच्या खोलीत. टीव्हीही तिथेच. खाट लावायला दुसरी जागाच नव्हती, टीव्हीच्या बरोबर समोर लागली.

"टीव्ही आतल्या खोलीत नेता येईल का?" त्याने बायकोला विचारलं. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना 'आता स्पष्ट दिसतंय का?' असं विचारून तिचा आवाज फार शांत झालाय.

"आत वायर पोचत नाही."

"मग आईंना दुपारी जरा आत..."

"आईही पोचत नाही," ती म्हणाली. विषय संपला.

सासूबाई सरकारी प्रसूतिगृहात चौतीस वर्षं सिस्टर होत्या. बांधा लहानखुरा, आवाज खणखणीत. जावयाला त्या मान देऊन वागवत, पण त्याच्याशी बोलायला त्यांच्याकडे विषय नव्हता आणि त्याच्याकडे इच्छा नव्हती. वीस वर्षं दोघांचं 'कसे आहात' आणि 'बरं आहे' यावर भागलं होतं.

पहिल्या दिवशी त्याने टीव्हीचा आवाज बारीक करून पाठ सासूकडे येईल अशी खुर्ची लावली. मांडीवर वही, हातात पेन्सिल. पडद्यावर दोन मल्ल. एक तरणाबांड, निळ्या चड्डीतला, दुसरा पिकल्या दाढीचा, गुडघ्याला पट्टी बांधलेला. तरणा त्या गुडघ्यावर लाथा घालत होता आणि दाढीवाला दरवेळी मुकाट्याने उठत होता.

"ह्याचा गुडघा खरंच गेलाय," मागून आवाज आला.

पावणेचार वळला नाही. "आई, ही मांडणी असते. आणि तो ती नीट करत नाहीये. दुखतंय असं वाटतच नाही."

"म्हणून तर म्हणतेय. त्याचा हात बघा. दुखऱ्या गुडघ्याला तो हात लावत नाही, चांगल्याला लावतोय. लपवणारा माणूस असंच करतो. आणि तो निळा बघा, मघाशी कोपर लागलं तर केवढा ओरडला. त्याला काही झालेलं नाही."

"कशावरून?"

"अहो जावईबापू, खरी कळ आली की माणूस ओरडत नाही, श्वास धरतो. ओरडणारीला अजून तीन तास असतात."

त्याने त्या संध्याकाळी लिहिलं, 'दाढीवाल्या ज्येष्ठ मल्लाने वेदना पोचवण्यात साफ निराशा केली. अडीच.' तिसऱ्या दिवशी बातमी आली की त्या मल्लाच्या गुडघ्याचा स्नायुबंध पहिल्याच कुस्तीत फाटला होता आणि तो स्पर्धेतून बाहेर पडलाय. एक्केचाळीसपैकी चौघांनी खाली शेरे टाकले. एकाने विचारलं होतं, 'अजून किती फाटायला हवा होता?'

मी सकाळी टेबलावर बसल्या बसल्या ते परीक्षण पुन्हा उघडून पाहिलं. अडीचचे सव्वातीन झाले होते. नवी ओळ आली होती, 'जाणकारांच्या नजरेतून सुटले नसेल की मल्ल निरोगी गुडघ्याला हात लावत होता.'

"हे आधी नव्हतं," मी म्हटलं.

"मुद्रणदोष होता," तो म्हणाला आणि एका तक्रारीवर 'तथ्य दिसत नाही' लिहायला लागला.

त्या दिवसापासून खुर्ची वळली. आता ती खाटेच्या शेजारी, थोडी तिरकी, म्हणजे टीव्हीही दिसेल आणि सासूचं तोंडही. वही वर्तमानपत्राखाली असायची. कुस्ती सुरू झाली की तो सहज विचारल्यासारखं विचारायचा, "आई, ह्याचं काय वाटतं?" आणि सासूबाई सांगायच्या. त्यांना डावांची नावं येत नव्हती, मल्लांची तर मुळीच नाही. एकाला त्यांनी भिंत म्हणायला सुरुवात केली, एकाला रडका, आणि समोरच्याचा हात पकडून पंधरा मिनिटं नेमाने पिरगाळणाऱ्याला डॉक्टरसाहेब. पण त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. भिंत दमल्यावर डाव्या बाजूनेच का पडतो, तर उजव्या बरगडीला जुनं काहीतरी आहे. रडक्याला चक्कर आलेली खरी होती, कारण त्याने शेजारच्या पंचाला धरलं नाही, रिंगणाच्या कडेच्या दोराला धरलं. माणूस भोवंडला की लांबचं धरायला जातो. डॉक्टरसाहेब दिसतो क्रूर, पण प्रत्येक वेळी समोरच्याचं डोकं टेकवताना हाताची ओंजळ खाली घालतो. "चांगला मुलगा आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे असता तर वॉर्डबॉय म्हणून ठेवला असता."

यातलं वॉर्डबॉयचं सोडून सगळं दुसऱ्या दिवशी त्याच्या पानावर यायचं, साडी बदलून शालू नेसल्यासारखं. 'ओंजळीतली करुणा' असं त्या परीक्षणाचं शीर्षक होतं. ते कोणीतरी पुढे पाठवलं, त्याने आणखी कोणाला. एक्केचाळीसचे तीनशे झाले, आठवड्याभरात दोन हजारांच्या आसपास गेले. लोक लिहायला लागले, असं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. एकाने विचारलं, 'आपण डॉक्टर आहात का?' यावर आमच्या गृहस्थाने एकाच शब्दाचं उत्तर दिलं.

'अनुभव.'

घरात फरक पडला तो बायकोच्या लक्षात आला. नवरा दुपारी स्वतः उठून सासूला चहा करून देत होता. उशी सरकली तर नीट करत होता. एकदा तर त्याने त्यांचा वॉकर पुसून ठेवला. लेकीला बरं वाटलं. सासूबाईंनाही वाटलं असणार, कारण त्या दुपारी केस विंचरून, चष्मा पुसून तयार बसायला लागल्या.

मग टाके काढायचा दिवस आला. नेमकी त्या दुपारी गटातल्या दोन अपराजित मल्लांची कुस्ती.

"टाके उद्या काढले तर नाही का चालणार?" त्याने विचारलं.

"डॉक्टरांनी आज बोलावलंय," बायको म्हणाली.

"एक दिवसाने काय होतं? धागाच आहे तो."

बायकोने त्याच्याकडे गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं, म्हणजे भिंग बदलायची वेळ झालीये अशा नजरेने. "मी रजा घेतलीय. तुम्ही बसा."

तो बसला. एकट्याने पाहिली. 'दोन्ही मल्लांनी वेदनेचा गंभीर विचार केला आहे,' असं त्याने लिहिलं. खाली पहिलाच शेरा होता, 'आज लिहायला दुसऱ्याला बसवलंत का?' दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे तक्रार करत होता की वाचक कृतघ्न असतात.

पुढच्या रविवारी मी सासूबाईंना बघायला गेलो. थोडी सफरचंदं घेतली. मनात काही नव्हतं, हे आधीच सांगतो. नंतर कार्यालयात त्याने माझ्याबद्दल वेगळं सांगितलं. गटातल्या शेवटच्या कुस्त्या चालू होत्या. बायकोने मला खुर्ची दिली, ती स्वतः खाटेच्या कडेला बसली. पडद्यावर रडका जमिनीवर लोळून बोंबलत होता.

"नाटक," सासूबाई मला म्हणाल्या. "हा आता मजेत उठेल. ओरडणारीला अजून तीन तास असतात."

मला राहवलं नाही. "हे मी परवाच वाचलं की. पण वेगळ्या शब्दांत होतं."

"कुठे वाचलंत?"

पावणेचारने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला, पण तोवर फोन माझ्या हातात आला होता आणि सासूबाईंची मान माझ्याकडे वळली होती. चौतीस वर्षं जिच्या मान वळवण्याने अख्खा वॉर्ड गप्प होत असे, तिला नाही कसं म्हणायचं? मी वाचून दाखवलं. 'वेदनेने आक्रंदणाऱ्याकडे अद्याप बराच काळ शिल्लक असतो. खरी वेदना श्वास रोखते, हे माझे प्रदीर्घ निरीक्षण आहे.'

टीव्हीवर घंटा वाजली. रडका जिंकला होता आणि मजेत उठला होता.

"अहो," बायको म्हणाली, "हे आईचं आहे."

"विचार कुणाचेही असू शकतात," तो म्हणाला. "भाषा माझी आहे."

"पुढे वाचा," सासूबाई मला म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडून एकूण चार परीक्षणं वाचून घेतली. डोळे मिटून, बोटं पोटावर गुंफून ऐकत होत्या. शिकाऊ नर्सने लिहिलेला तक्ता ऐकावा तसं. मग त्यांनी डोळे उघडले.

"बराच काळ म्हणजे किती?" त्यांनी जावयाला विचारलं.

त्याने वर्तमानपत्राखालची वही आणखी आत सरकवली.

"मी तीन तास सांगितलं होतं. बराच काळ असं लिहिलेलं वाचून दुसरी सिस्टर काय करणार? आणि उजवी बरगडी म्हटलं होतं, तुम्ही डावी लिहिलीत. घेतलं ते घेतलं, निदान नीट तरी उतरवायचं."

"चूक झाली," तो पुटपुटला. बरगडीबद्दल म्हणाला की कशाबद्दल, ते कळायला मार्ग नव्हता.

सासूबाईंनी चादरीची घडी सारखी केली. "तुम्ही चहा विचारायला लागलात, शेजारी बसायला लागलात. मला वाटलं, जावयाला बोलायला माणूस हवंय. वीस वर्षांनी का होईना." एवढंच. आवाज चढला नाही. तो टीव्हीकडे बघत राहिला. तिथे तेव्हा कुस्ती नव्हती, नुसती जाहिरात होती. पण त्याने श्वास धरलेला मला स्पष्ट दिसत होता. मी सफरचंदांची पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि निघालो.

अंतिम कुस्ती दोन दिवसांनी होती. सासूबाईंनी काही सांगितलं नाही, रुसल्या नाहीत. फक्त सकाळी लेकीला म्हणाल्या, "खाटेचं तोंड खिडकीकडे कर. मला जरा बाहेरची झाडं बघू दे." आणि ऐन कुस्तीच्या वेळी त्या खिडकीबाहेर बघत पडून राहिल्या. पाठीमागे डॉक्टरसाहेब आणि भिंत एकमेकांना आपटत होते. जावई मध्ये दोनदा म्हणाला, "आई, बघा तरी." त्या म्हणाल्या, "ऐकू येतंय मला. तुम्ही बघा." सदतीस मिनिटं चालली कुस्ती. डॉक्टरसाहेब जिंकला. आमच्या परीक्षकाने चौदाशे शब्द लिहिले आणि पावणेचार तारे दिले. खाली कोणीतरी लिहिलं, 'हा तर पूर्वीचाच माणूस परत आला.' त्यानंतर वाचक उतरायला लागले, सणसणीत ताप उतरावा तसे.

कार्यालयात तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस डबा उघडता उघडता म्हणाला, "काय करावं?"

"त्यांचं नाव लिही."

"परीक्षकाने असं नाव लिहायची पद्धत नाही," तो म्हणाला. पण दोन दिवसांनी त्याने पानावर निवेदन टाकलं. 'यंदाच्या परीक्षणांतील काही निरीक्षणे एका ज्येष्ठ वैद्यकीय तज्ज्ञांशी झालेल्या चर्चेतून स्फुरली आहेत.' काही, आणि स्फुरली. एवढी कबुली द्यायला त्याला सोळा दिवस लागले आणि तीही त्याने अशी दिली की वाचणाऱ्याला वाटावं तज्ज्ञांवरच उपकार झाले.

बायकोने ते आईला वाचून दाखवलं. तिनेच मला पुढे दुकानात भेट झाली तेव्हा सांगितलं. सासूबाई बराच वेळ हसत होत्या. "चौतीस वर्षांत मला कोणी तज्ज्ञ म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "अडलेलं मूल फिरवून मोकळं करायचे मी, आणि सही करायला डॉक्टर यायचे चहा पिऊन. राहू दे तसंच. कागदावर तरी झाले."

दोन महिन्यांनी त्या वॉकर घेऊन आपल्या घरी परत गेल्या.

यंदा पुन्हा स्पर्धा आली. वाचकांनी आधीच विचारायला सुरुवात केली होती, तज्ज्ञ आहेत का? पावणेचारने तीन दिवस कळ काढली. चौथ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि बसने गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला. दारातच त्यांनी अटी सांगितल्या. परीक्षण छापण्याआधी वाचून दाखवायचं. चुकीची बाजू लिहायची नाही. 'तज्ज्ञ' काढून 'सिस्टर' लिहायचं. आणि तारेबिरे त्यांच्या बोलण्याला लावायचे नाहीत. माणूस पडला, उठला, एवढं लिहिलं की झालं.

"तारे नसले तर परीक्षण कसलं?" तो म्हणाला.

"मग नका लिहू. चपला आत काढा, गल्लीतली कुत्री वर येऊन नेतात."

आता तो आठवड्यातून तीनदा तिथे जातो. खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर सासूबाईंचा पाय असतो, म्हणून तो खाली सतरंजीवर बसतो आणि वही गुडघ्यावर ठेवतो. कार्यालयात अजूनही सांगतो की सासूबाईंची तब्येत बघायला जावं लागतं, आपल्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. वाचक यंदा पाच हजारांवर गेलेत. ते सगळे सिस्टरांना लिहितात, आणि तो उत्तरं टंकतो.

परवा मात्र गंमत झाली. अव्वल दोन मल्लांची कुस्ती रंगात आली होती, अठरावं मिनिट चालू होतं, आणि खालच्या मजल्यावरची सून आठ दिवसांचं बाळ दाखवायला वर आली. दूध नीट ओढत नाही म्हणत होती. सासूबाईंनी टीव्ही बंद केला, बाळ मांडीवर घेतलं आणि जावयाला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा." तो जिन्यात बसला. पाऊण तास बसला. दार उघडलं तेव्हा कुस्ती संपली होती आणि बाळ पिऊन झोपलं होतं.

त्या कुस्तीचं परीक्षण त्याने अठराव्या मिनिटापर्यंतच लिहिलं. खाली एक ओळ होती, 'यापुढचे आम्हाला पाहता आले नाही.' तारे नव्हते. एकाही वाचकाने तक्रार केली नाही.